पाइनफोनवर पॅकेज बसत नाही? आधी घड्याळ बघा

मोबियन म्हणजे फोनसाठी जुळवलेलं डेबियन (एक लिनक्स प्रणाली). पाइनफोन या लिनक्स चालवणाऱ्या फोनवर ते टाकलं की खरंखुरं ॲप्ट, म्हणजे पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) उतरवून बसवणारा प्रोग्रॅम, हातात येतं आणि त्याच्या तक्रारीही सोबत येतात. फक्त या तक्रारींची मुळं फोनवर निराळ्या जागी सापडतात. पॅकेजला दोष देण्याआधी वेळ, वीज आणि जागा या तीन गोष्टी तपासाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

बॅटरी काढून परत घातली की फोनची वेळ मागे पडू शकते. मग ॲप्ट अपडेट चालवलं की ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असं उत्तर येतं. रेपॉझिटरीच्या, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरतात त्या सर्व्हरच्या, सूचीवर ती तयार झाल्याची तारीख असते आणि त्या सगळ्यावर सही असते. फोनचं घड्याळ मागे असेल तर ही सूची त्याला उद्याची वाटते, म्हणून तो ती नाकारतो. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्रही याच कारणाने नाकारलं जातं. टाइमडेटसीटीएल चालवा आणि ‘सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड’समोर ‘यस’ आहे का ते पाहा. नसेल तर वाय-फाय जोडून मिनिटभर थांबा, नाहीतर सुडो डेट -एस देऊन वेळ हाताने लावा. ॲप्टची तारीख-तपासणी बंद करण्याचा पर्यायही आहे, पण तो वापरू नका. त्याने प्रमाणपत्राची अडचण तशीच राहते.

संदेशात ‘नोस्प्लिट’ हा शब्द दिसला तर मात्र दोष बहुधा घड्याळाचा नसतो. स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वाय-फायवर लॉगिन बाकी असतं, त्यामुळे सूचीऐवजी लॉगिनचं पान उतरलेलं असतं. ब्राउझर उघडून लॉगिन करा आणि अपडेट पुन्हा चालवा.

आता वीज. स्क्रीन बंद झाल्यावर फोन झोपला की नेटवर्क सुटतं आणि डाउनलोड अर्धवट राहतं. तेवढं परवडतं, कारण उतरलेल्या फाइल्स वाया जात नाहीत. पॅकेजेस उलगडत असताना बॅटरी संपली तर मात्र डीपीकेजीचं (ॲप्टच्या हाताखाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम मध्येच तुटतं. म्हणून मोठ्या अपग्रेडच्या आधी सेटिंग्जमधलं ऑटोमॅटिक सस्पेंड बंद करा आणि 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा चार्जर लावा. लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवर भिस्त ठेवू नका. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून फोनला जोडून, काम करत असाल तर आधी टीमक्स सुरू करा, म्हणजे जोडणी तुटली तरी अपग्रेड चालू राहतं.

तुटलंच, तर क्रम असा. आधी सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए (कॉन्फिगरच्या आधी दोन डॅश, ए च्या आधी एक). मग सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. त्यानंतर अपडेट आणि अपग्रेड.

‘कुड नॉट गेट लॉक’ आलं तर त्याच ओळीत कुलूप कोणाकडे आहे ते लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा ते पॅकेजकिटडी असतं, म्हणजे सॉफ्टवेअर ॲप मागे अपडेट शोधत असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉक फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो धोक्याचा आहे: दोन प्रक्रिया एकाच वेळी डेटाबेसमध्ये लिहू लागतात.

जागेचा घोटाळा सगळ्यात फसवा असतो. कर्नलचं (प्रणालीच्या गाभ्याचं) अपग्रेड येतं तेव्हा जुनं कर्नल तिथेच असतं आणि नव्यासाठी आणखी एक इनिट्रॅमएफएस, म्हणजे फोन सुरू होताना लागणारी फाइल, बांधावी लागते. बूटच्या विभाजनात (पार्टिशनमध्ये) तेवढी जागा नसेल तर ‘एरर प्रोसेसिंग पॅकेज इनिट्रॅमएफएस-टूल्स’ अशी ओळ येते, आणि मग लोक ते बिचारं पॅकेज पुन्हा पुन्हा बसवत राहतात. खरं कारण चार-पाच ओळी वर असतं: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डीएफ -एच चालवून मूळ विभाजन आणि बूट दोन्ही बघा. मूळ विभाजन भरलं असेल तर सुडो ॲप्ट क्लीन उतरवलेल्या डेब फाइल्स काढून टाकतं. 16 जीबीच्या पाइनफोनवर त्याचा चांगला फरक पडतो. बूट भरलं असेल तर क्लीनचा उपयोग नाही. युनेम -आर ने चालू कर्नल कोणतं ते नोंदवून ठेवा, ते सोडून जुनं कर्नल ॲप्ट पर्जने काढा आणि वरचा क्रम पुन्हा चालवा.

ही तिन्ही कारणं नसतील तर आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरचा प्रकार, बघा. पाइनफोन एआरएम64 आहे. संकेतस्थळावरून उतरवलेली डेब फाइल एएमडी64 असेल तर ती बसणार नाही, आणि जबरदस्तीने बसवली तरी चालणार नाही. त्यापेक्षा ते ॲप फ्लॅटहब या ॲप-भांडारात एआर्च64साठी (एआरएम64चंच दुसरं नाव) आहे का ते शोधा.

‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ आलं तर सोर्सेसच्या फाइल्स, म्हणजे ॲप्टने पॅकेजेस कुठून घ्यायची त्याच्या याद्या, उघडून वाचा. समजा तुमचं मोबियन बुकवर्मचं (डेबियन 12चं) आहे, तर त्याच्या ओळींमध्ये एखाद्या नव्या ॲपसाठी ट्रिक्सी किंवा सिड या त्यापुढच्या आवृत्त्यांची ओळ घुसलेली असते. ॲप्ट पॉलिसीपुढे पॅकेजचं नाव दिलं की कोणती आवृत्ती कुठून येते ते कळतं. परकी ओळ काढा, अपडेट करा, आणि तिथून आलेली पॅकेजेस सुडो ॲप्ट इन्स्टॉलमध्ये पॅकेजच्या नावाला /बुकवर्म जोडून जुन्या आवृत्तीवर आणा. त्यांच्यासोबत लिबसी6 ही जवळपास सगळ्या प्रोग्रॅम्सना लागणारी लायब्ररीही नव्या आवृत्तीवर गेली असेल तर मात्र मागे येण्याचा खटाटोप करू नका. डेटा काढून घ्या आणि मोबियनची नवी प्रतिमा (इमेज) टाका.