थिऑर्बो की आर्चल्यूट? आधी खर्ज ऐका

बरोक संगीताच्या (युरोपातलं साधारण १६०० ते १७५० चं संगीत) साथीला छेडून वाजवायचं कुठलं वाद्य घ्यावं असा विषय निघाला की सगळ्यांचं बोट ल्यूट या जुन्या युरोपी तंतुवाद्याच्या कुळातल्या थिऑर्बोकडे जातं, आणि जाणारच, माणसापेक्षा उंच वाद्य, तातीच्या (आतड्याच्या) तारा, लांब मानेवरचा तो मोकळा खर्ज, एकदा ऐकला की विसरत नाही. मलाही तोच हवा होता. पण आमच्या हौशी ग्रुपने कोरेल्ली या इटालियन संगीतकाराचे ट्रिओ सोनाटा (दोन व्हायोलिन आणि खाली बास अशा रचना) बसवायला घेतले आणि उधार आणलेल्या थिऑर्बोवर बास लाइन, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, काही केल्या स्वच्छ ऐकू येईना.

कारण वाद्याच्या बांध्यातच आहे. थिऑर्बोच्या तारा एवढ्या लांब असतात की वरच्या दोन तारा त्यांच्या जागच्या सुराला चढवल्या तर तुटतील, म्हणून त्या एक सप्तक खाली लावतात. त्यामुळे कॉर्ड भरदार आणि खालच्या पट्टीत येते, गायकाच्या आवाजाला अजिबात आड न येता. काचिनी या इटालियन गायक-संगीतकाराने १६०२ मध्येच लिहून ठेवलंय की गाण्याच्या साथीला, त्यातही टेनरच्या, कितारोने म्हणजे हाच थिऑर्बो सगळ्यात योग्य. मान्य, शंभर टक्के मान्य! पण कोरेल्लीचा बास गाण्यासारखा थांबत नाही, तो व्हायोलिनशी बोलत पळतो, वर चढतो, आणि तिथे थिऑर्बोवर सूर मध्येच सप्तक बदलतो, शिवाय खालच्या मोकळ्या तारा घुमत राहतात त्या वेगळ्याच.

आर्चल्यूट हाही ल्यूटच्याच कुळातला, पण त्याच्या वरच्या तारा उतरवलेल्या नसतात, तो आकाराने लहान, बोटं पटकन फिरतात. आणि कोरेल्लीच्या १६८९ च्या ओपस ३ या ट्रिओ सोनाटांच्या संग्रहाच्या मुखपृष्ठावरच बाससाठी छापलंय, वायोलोने (गजाने वाजवायचं मोठं खर्जाचं वाद्य) किंवा आर्चल्यूट! मी ते आधी नीट वाचायला हवं होतं.

बरोक गिटारला मात्र मी साथीला एकटीला कधीच ठेवणार नाही, तारांच्या पाच जोड्या, खर्ज जवळजवळ नाहीच, पण चाकोना किंवा साराबांद अशी नाचाची रचना असेल आणि खाली चेलो असेल तर तिच्या स्ट्रमिंगने जो ठेका येतो तो दुसऱ्या कशानेच येत नाही.

वाद्य विकत घेण्याआधी घरातली साधी गिटार घ्या, तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, तिसरी तार अर्धा सूर उतरवा, आर्चल्यूटच्या वरच्या सहा तारांची लावणी तयार. त्यावर कोरेल्लीचा एखादा संथ बास वाजवून बघा.