गाडीचा एसी: गॅस वजनाने भरा, गेज बघून नाही

“एसी थंड करत नाही, जरा गॅस टाकून द्या.” गॅरेजमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं आणि बऱ्याच ठिकाणी तसंच केलंही जातं. लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) होज लावायची, कॅन उलटा-सुलटा करायचा, गेजचा काटा ३५ पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास आला की बंद. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दोन महिन्यांनी परत येतं. एसी ही बंद सिस्टिम आहे. त्यातला गॅस वापरून संपत नाही. कमी झालाय म्हणजे कुठून तरी गेलाय. रबरी होजमधून वर्षाला थोडाफार झिरपतो, तेवढं धरून चाललं तरी एका उन्हाळ्यातून दुसऱ्या उन्हाळ्यात फरक जाणवत असेल तर तो लीकेजच.

काट्यावर भरवसा का ठेवायचा नाही, ते आधी. सिस्टिममध्ये द्रवरूप गॅस थोडासा जरी शिल्लक असेल, तरी बंद गाडीत दाब ठरतो तो तापमानावर, गॅसच्या प्रमाणावर नाही. आर-१३४ए (गाड्यांच्या एसीतला नेहमीचा गॅस) असेल तर २० अंशांना साधारण ६८ पीएसआय, ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४. सिस्टिममध्ये ५०० ग्रॅम असो की २५० ग्रॅम, इंजिन थंड असताना आकडा हाच. चालू गाडीत दाबावर बाहेरचं तापमान, कंडेन्सरवरची (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीवरची) हवा, इंजिनाचे आरपीएम आणि ब्लोअरचा वेग या सगळ्यांचा परिणाम होतो. त्यातून ५० ग्रॅमचा फरक ओळखणं कुणालाही जमत नाही. आणि लहान गाडीत एकूण गॅसच ४०० ते ५०० ग्रॅम असतो, म्हणजे ५० ग्रॅमची चूक दहा टक्क्यांची झाली.

स्थिर दाबाचा उपयोग मात्र एका गोष्टीसाठी होतो. गाडी रात्रभर उभी आहे, सगळं एकाच तापमानाला आलंय आणि तरीही दाब वरच्या आकड्यांपेक्षा बराच जास्त दिसतोय, तर आत हवा किंवा दुसरा कुठला तरी गॅस मिसळलाय. अशा वेळी तो गॅस सरळ रिकव्हरी मशीनमध्ये (जुना गॅस ओढून साठवणाऱ्या) ओढू नका, आधी आयडेंटिफायर (गॅस कोणता ते ओळखणारं यंत्र) लावा. बनावट सिलिंडरमध्ये हायड्रोकार्बन असू शकतो, क्वचित आर-४०ही (मिथाइल क्लोराइड). आर-४० ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करतो, आणि गाडीच्या एसीत ॲल्युमिनियमशिवाय दुसरं फारसं काही नसतंच. असा एक सिलिंडर रिकव्हरी मशीनच्या टाकीत गेला की पुढच्या प्रत्येक गाडीत थोडा थोडा जातो.

होज लावण्याआधीची दहा मिनिटं फार लोक वाया घालवलेली समजतात. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे साचलेली माती, न फिरणारा किंवा हळू फिरणारा फॅन, काळा पडलेला केबिन फिल्टर, हीटरचा गरम हवेकडे अडकलेला फ्लॅप: ‘थंड होत नाही’च्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. कंडेन्सर धुताना प्रेशर वॉशर जवळून मारू नका, फिन आडव्या पडल्या की हवा कायमचीच अडते. कॉम्प्रेसर लागतच नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर सेन्सरचं रीडिंग आणि कॉम्प्रेसरच्या क्लचमधली फट बघा. फट साधारण ०.३ ते ०.६ मिमी असावी. झिजून वाढली की थंड असताना क्लच पकडतो आणि तापल्यावर सोडतो.

आता मूळ काम. बॉनेटखालचा लेबल वाचा: गॅस कोणता, किती ग्रॅम, तेल कोणतं. लेबल नसेल तर कंपनीच्या माहितीतून आकडा काढा, शेजारच्या गाडीचा धरू नका. जुना गॅस मशीनने ओढून घ्या आणि वजन लिहून ठेवा. लेबलवर ५०० आहे आणि निघाले ३१०, तर काय शोधायचं ते कळलं. ओढून झाल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. तेलात विरघळलेला गॅस सुटून दाब पुन्हा चढतो, तो परत ओढा. गॅसबरोबर किती तेल बाहेर आलं तेही मोजा. गॅस हवेत सोडून देणं हा मार्गच नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,३०० ते १,५०० पट आहे. २०१६च्या किगाली करारात त्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं ते याचमुळे.

लीकेज शोधायला सगळ्यात आधी डोळे वापरा. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, म्हणून जिथे तेलकट धूळ चिकटलेली दिसते तिथे संशय घ्या. सर्व्हिस पोर्टचे पिन व्हॉल्व, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील, पाइपांचे जोड, कंडेन्सरवर दगड लागलेली जागा. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर जोडाच्या खालून हळू फिरवा, कारण गॅस हवेपेक्षा जड आहे. कूलिंग कॉइलचं (डॅशबोर्डच्या आतली, केबिनची हवा थंड करणारी) लीकेज शोधायला डिटेक्टरचं टोक पाणी बाहेर पडणाऱ्या नळीपाशी धरा, मात्र नळीतलं पाणी आत ओढलं जाऊ देऊ नका. काहीच सापडत नसेल तर सिस्टिम रिकामी करून रेग्युलेटर लावलेल्या सिलिंडरमधून कोरडा नायट्रोजन भरा, साधारण १० बारपर्यंत (१४५ पीएसआय), आणि साबणाचं पाणी मारा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा किंवा ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखाली हवेबरोबर आर-१३४ए पेटू शकतो, आणि ऑक्सिजन व तेल एकत्र आले की स्फोट. लीकेज बंद करणारी बाटलीतली औषधं टाळाच. ती एक्सपान्शन व्हॉल्वमध्ये (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या) आणि तुमच्या मशीनच्या व्हॉल्वमध्येही घट्ट होऊन बसतात.

जोड उघडला की ओ-रिंग नवीन, त्याच गॅसला चालणारी, बसवण्याआधी तेलात भिजवलेली. सिस्टिम बराच वेळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही (ओलावा शोषणारा डबा) नवीन, आणि त्याची बुचं शेवटच्या क्षणी काढायची. कॉम्प्रेसरने धातूचा चुरा सोडला असेल तर कंडेन्सर धुवून वापरायचा मोह आवरा. आजच्या बारीक चॅनेलच्या कंडेन्सरमधून तो चुरा पूर्ण निघत नाही आणि नवा कॉम्प्रेसर त्यानेच जातो.

तेलाच्या बाबतीत सगळ्यात जास्त अंदाजपंचे चालतं. कॉम्प्रेसर बदलताना जुन्यातलं तेल मापात ओता, नव्यातलंही काढा आणि जितकं जुन्यातून निघालं तितकंच परत घाला. नवा कॉम्प्रेसर बहुतेकदा संपूर्ण सिस्टिमचं तेल घेऊन येतो. ते तसंच ठेवलं तर जुनं अधिक नवं मिळून तेल जास्त होतं, कॉइलच्या आत थर बसतो आणि थंडावा कमी होतो. कंडेन्सर बदलला तर साधारण ३० ते ४० मिली, कूलिंग कॉइल बदलली तर ४० ते ६० मिली. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा. पीएजी तेल (साध्या गाड्यांच्या एसीतलं नेहमीचं) हवेतलं पाणी झपाट्याने ओढतं, म्हणून बाटली उघडी ठेवून चहाला जायचं नाही. ४६, १०० आणि १५० हे त्याच्या जाडीचे आकडे, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटर तेलातच बुडालेली असते, तिथे कंपनीने सांगितलेलं पीओई तेलच (वीज वाहू न देणारं). नेहमीचं पीएजी थोडंसं जरी गेलं तरी इन्सुलेशन ढासळतं आणि हाय व्होल्टेजचा फॉल्ट येतो. म्हणून साध्या गाडीची होज आतून साफ केल्याशिवाय अशा गाडीला लावू नये.

व्हॅक्यूम किमान अर्धा तास. मॅनिफोल्डच्या (गेजच्या संचाच्या) काट्याने उणे ३० इंच दाखवलं म्हणजे झालं असं नाही, तिथला फरक काट्याला दिसतच नाही. मायक्रॉन गेज (अगदी कमी दाब मोजणारा) लावा आणि ५०० ते १,००० मायक्रॉनपर्यंत उतरू द्या. तेवढ्या कमी दाबात आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं. मग पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं बघा. थोडं चढून स्थिरावलं तर ओलावा शिल्लक आहे, चढतच राहिलं तर लीकेज. व्हॅक्यूम टिकलं म्हणजे लीकेज नाही, हेही पूर्ण खरं नाही. व्हॅक्यूममध्ये फरक एका बारचाच असतो आणि तोही बाहेरून आत. चालू एसीत हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला) पंधरा बार आतून बाहेर ढकलतात. ओलावा राहिला तर एसी पंधरा-वीस मिनिटं छान चालतो, मग एक्सपान्शन व्हॉल्वमध्ये बर्फ धरून बंद पडतो आणि थोडा वेळ थांबवला की परत सुरू. ही तक्रार ऐकली की गॅस नाही, ड्रायर आणि व्हॅक्यूम आठवा.

गॅस भरताना इंजिन बंद, द्रवरूप गॅस हाय साइडने, मशीनच्या वजनकाट्यावर लेबलचा आकडा. होजमध्ये अडकणारा गॅस मशीन वजा करतं का ते एकदा तपासून घ्या. हाताने भरत असाल तर उरलेला गॅस इंजिन चालू करून लो साइडने वायुरूपात, सिलिंडर उभा ठेवून. द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये गेला तर व्हॉल्व तुटतात. इंजिन चालू असताना हाय साइडचा नळ उघडला तर दाब उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅन फुटतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा गोठतो.

आर-१२३४वायएफच्या (आर-१३४एच्या जागी आलेला नवा गॅस) गाड्यांचे पोर्ट वेगळे, मशीनही वेगळं. युरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए चालत नाही, म्हणून बाहेरच्या बाजारांसाठी बनलेल्या गाड्यांत हा नवा गॅस दिसतो. तो मंदपणे पेटतो. खेळती हवा हवी, जवळ वेल्डिंग नको, आणि ॲडॅप्टर लावून त्यात आर-१३४ए ढकलणं तर अजिबात नको.

शेवटी दरवाजे बंद, ब्लोअर मध्यम, रीसर्क्युलेशन चालू, आरपीएम १,५००. बाहेर ३० ते ३५ अंश असताना लो साइड साधारण २५ ते ४० पीएसआय, हाय साइड २०० ते २५०, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर ५ ते १० अंश. वजन बरोबर भरलेलं असेल तरच हे आकडे बोलतात. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरवर हवा कमी पडते किंवा आत हवा राहिलीय. लो व्हॅक्यूमकडे गेलं तर एक्सपान्शन व्हॉल्व अडलाय. लो जास्त आणि हाय कमी असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. मात्र व्हेरिएबल (गरजेप्रमाणे कमी-जास्त गॅस ढकलणारा) कॉम्प्रेसर असेल तर अख्खा बदलण्याआधी त्याचा कंट्रोल व्हॉल्व तपासा. पोर्टची प्लॅस्टिकची टोपणं परत लावा, पिन व्हॉल्व गळतो तेव्हा तीच दुसरी अडसर असतात. भरलेला गॅस, घातलेलं तेल आणि तारीख लिहून बॉनेटखाली चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी गाडी कुणाकडेही गेली तरी त्याला मोजायला आकडा मिळेल.