कोंबडीचा डोळा : कूर्चा संपते तिथून पुढे

कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, स्लाइड्स मनासारख्या झाल्या, म्हणून आता स्क्लेरा, म्हणजे डोळ्याचं पांढरं आवरण, हातात घेतला आहे. बाहेरच्या आवरणाची खरी गंमत इथेच आहे.

आपल्या डोळ्याचा पांढरा भाग म्हणजे कोलॅजन तंतूंची दाट वीण. पक्ष्यांमध्ये या तंतूंच्या जोडीला हायलाइन (काचेसारख्या नितळ) कूर्चेची अख्खी वाटी असते. चिकनवाल्याकडून आणलेला डोळा फॉर्मेलिनमध्ये मुरवला, मागच्या भागाचा तुकडा गाजराच्या दोन फाकांत धरून नव्या ब्लेडने उभे काप घेतले आणि वर टोल्युइडीन ब्लू या रंगाचा थेंब सोडला. तंतू निळे झाले, मधला कूर्चेचा पट्टा मात्र जांभळा! रंग एकच, पण कूर्चेतल्या सल्फेटयुक्त शर्करांना चिकटला की त्याची छटा पालटते. ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली पेशी आपापल्या पोकळीत दिसतात, कुठे एकट्या, कुठे जोडीने.

कॉर्नियाकडे सरकत गेलं की ही कूर्चा संपते आणि हाडाच्या चकत्यांचं कडं लागतं. कोंबडीत त्या साधारण १४ असतात, कडा एकमेकींवर चढलेल्या. हा भाग कापण्याआधी ईडीटीएच्या द्रावणात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढून टाका. तीव्र आम्लाने काम लवकर होतं, पण पुढे रंग नीट चढत नाही. दोन चकत्या जिथे एकमेकींवर येतात, तिथे मध्ये तंतूंचा बारीक थर दिसतो. एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरॉइडमध्ये (प्रकाश एकाच दिशेत कंपणारा करणाऱ्या गाळण्यांमध्ये) हाडाचे थर उजळून निघतात, तो देखावा चुकवू नका. कूर्चेला इतकं लागून असूनही हे हाड कूर्चेपासून बनत नाही, भ्रूणातल्या मेसेन्काइम या आद्य ऊतीपासून थेट तयार होतं.

या कड्याच्या आतल्या बाजूने क्रॅम्प्टनचा स्नायू निघतो. डब्लिनचे शल्यविशारद फिलिप क्रॅम्प्टन यांनी १८१३ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो कॉर्नियाच्या आतल्या थराला ओढून तिचा बाक बदलतो. अशी ओढ सोसायची तर डोळ्याची भिंत भक्कमच हवी.

घुबडाच्या नळकांडी डोळ्यात हे कडं फार मोठं असतं. तरी मेलेलं घुबड सापडलं म्हणून घरी आणू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्ह्यात बसतं. कोंबडीच्या डोळ्यात पुष्कळ काम बाकी आहे. पक्ष्यांचा क्रॅम्प्टनचा स्नायू रेखित (आडव्या पट्ट्यांचा) असतो, आपल्या डोळ्यातल्यासारखा गुळगुळीत नसतो. पुढच्या कापांत त्याचे आडवे पट्टे स्वच्छ टिपायचे आहेत. त्यासाठी कुणी आयर्न हेमॅटॉक्सिलिन हा रंग वापरला असेल तर प्रमाण जरूर सांगा.