तुम्ही विचारलंत म्हणून : एका शॉटची पाच घरे

संकलन शिकणारी मुले मला एक प्रश्न हमखास विचारतात. एकाच चित्रीकरणातून हल्ली चार-पाच आवृत्त्या काढाव्या लागतात: महोत्सवासाठी मोठा माहितीपट, दूरचित्रवाणीसाठी त्याचे 52 मिनिटांचे रूप, एखाद्या संस्थेला दाखवण्यासाठी 12 मिनिटांची फिल्म, दीड मिनिटाची झलक आणि मोबाइलसाठी उभ्या चौकटीतला तुकडा. या सगळ्यांत काही शॉट सामाईक असतात. अशा एका शॉटमध्ये काही बदलायचे ठरले, तर तो बदल पाचही ठिकाणी पोहोचला आहे, याची खात्री तुम्ही कशी करता? प्रश्न सॉफ्टवेअरचा वाटतो आणि त्याचे अर्धे उत्तर सॉफ्टवेअरमध्ये आहेही. पण मला हे उत्तर ज्या प्रसंगाने शिकवले, तो आधी सांगायला हवा.

काही वर्षांपूर्वी मी ऊसतोड मजुरांवरच्या एका माहितीपटाचे संकलन करत होते. त्यात रात्रीच्या भरणीचा एक शॉट होता. एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन उभ्या फळीवरून ट्रॉलीवर चढतात, वर पोहोचल्यावर क्षणभर मान वळवतात आणि मोळी टाकतात. शॉट 14 सेकंदांचा, म्हणजे आपल्याकडच्या सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने 350 फ्रेमचा. सुरुवातीला फक्त पाठ दिसते. चेहरा ट्रॉलीच्या दिव्यात येतो तो 212व्या फ्रेमपासून 268व्या फ्रेमपर्यंत, जेमतेम सव्वादोन सेकंद. तो शॉट इतका बोलका होता की पाचही आवृत्त्यांमध्ये गेला, प्रत्येकीत वेगळ्या लांबीने: मोठ्या माहितीपटात 11 सेकंद, दूरचित्रवाणीच्या रूपात सात, संस्थेच्या फिल्ममध्ये पाच, झलकेत दोन आणि उभ्या तुकड्यात दीड सेकंद.

चित्रीकरणाच्या वेळी त्या बाईंनी होकार दिला होता. काम संपत आले असताना त्यांचा फोन आला. “ताई, तेवढं माझं तोंड दिसू देऊ नका. मुकादमाची उचल फिटली नाही अजून.” ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, हंगामाआधी त्या कोयत्याच्या नावावर उचल दिली जाते आणि ती फिटेपर्यंत पुढच्या हंगामाचा सौदा मुकादमाच्या हातात राहतो. त्यांची भीती खरी होती. मी त्याच दुपारी चेहरा धूसर केला, चार आवृत्त्या तपासल्या आणि त्यांना कळवले की काम झाले. पाचवी, उभी आवृत्ती दोन दिवस आधीच बाहेर गेली होती आणि तिच्यात त्यांचा चेहरा तसाच राहिला होता. हे लक्षात आले ते त्यांच्याच पुतण्याने तो तुकडा मोबाइलवर पाहिल्यामुळे. आम्ही तो त्याच रात्री काढून घेतला, दुरुस्त करून पुन्हा लावला आणि मी त्यांना फोन करून घडले ते जसेच्या तसे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, “आता तरी नाही ना दिसणार?”

चार ठिकाणी पोहोचलेला बदल पाचव्या ठिकाणी का पोहोचला नाही, याचे कारण साधे आहे. पहिल्या चार आवृत्त्यांमध्ये तो शॉट एकाच मूळ नेस्टमधून, म्हणजे क्लिप आणि तिच्यावरचे संस्कार एकत्र बांधलेल्या गाठोड्यातून, आलेला होता. उभा तुकडा मात्र घाईत, झलकेच्या रेंडर होऊन, म्हणजे अंतिम चित्र म्हणून पक्की होऊन, निघालेल्या फाइलमधून कापला गेला होता. रेंडर झालेल्या फाइलला आपला शॉट कुठून आला हे ठाऊक नसते. मूळ बदलले तरी ती जागची हलत नाही. शिवाय ते कामही निकृष्ट झाले होते. 1920 गुणिले 1080 च्या आडव्या फाइलमधून नऊ-सोळाची उभी चौकट कापली, तर रुंदीत सुमारे 608 पिक्सेलच हाती लागतात आणि ते ताणून 1080 करावे लागतात. मूळ चित्रीकरण 3840 गुणिले 2160 चे होते. त्यातून तीच चौकट 1215 पिक्सेल रुंद मिळाली असती, ताणण्याची गरजच पडली नसती. तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: कोणतीही आवृत्ती दुसऱ्या आवृत्तीच्या फाइलमधून निघणार नाही, प्रत्येक आवृत्ती मूळ क्लिपपर्यंत जाईल.

ज्यांच्याकडे मी हे काम शिकले ते फिल्मच्या जमान्यातले संकलक होते आणि त्यांना हा प्रश्न असा पडलाच नसता. निगेटिव्ह एकच असे. तिची एक फ्रेम एका वेळी एकाच ठिकाणी लागू शके. तोच शॉट दुसरीकडेही हवा असेल तर त्याची ड्यूप निगेटिव्ह, म्हणजे निगेटिव्हची नक्कल, काढावी लागे, तिला खर्च येई आणि म्हणून आधी विचार करावा लागे. फिल्म सिमेंट नावाच्या चिकटद्रवाने जोड देताना कापाच्या शेजारची फ्रेम खर्ची पडत असल्याने दोन तुकड्यांमध्ये किती जागा उरते याचाही हिशेब असे. 35 मिलिमीटर फिल्मच्या कडेला दर फुटावर, म्हणजे दर 16 फ्रेमला छापलेला क्रमांक वहीत उतरवणे हे सहायकाचे रोजचे काम होते. संगणकाने ती अडचण दूर केली आणि शॉट हवा तितक्या वेळा फुकटात वापरता येऊ लागला. अडचणीबरोबर वहीही गेली, ही हानी मला मोठी वाटते. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच फ्रेम दोनदा वापरली गेल्याचे दाखवणारी रंगीत पट्टी आजही असते. तिचे मूळ त्याच काळजीत आहे. पण ती पट्टी एका टाइमलाइनच्या, म्हणजे एका आवृत्तीचे शॉट ओळीने मांडलेल्या पट्टीच्या, आतले पाहते. आपला प्रश्न पाच टाइमलाइनींमधला आहे.

म्हणून पहिला निर्णय तांत्रिक नसतो. शॉट सामाईक आहे असे आपण सहज म्हणतो, पण त्या शॉटचे नेमके काय सामाईक आहे, हे वेगळे काढावे लागते. त्या भरणीच्या शॉटचे उदाहरण घ्या. चेहरा झाकणे पाचही ठिकाणी सारखेच हवे. हाताने धरलेल्या कॅमेऱ्याचा थरथराट कमी केला असेल, तर तो सगळीकडे सारखा. लेन्सवरचा डाग काढला असेल, तर तोही. या गोष्टी शॉटच्या आहेत. उलट, शॉट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, त्याची गती, उभ्या चौकटीत तो कोणत्या बाजूला सरकवला आहे, त्यावर कोणता आवाज आणि कोणते उपशीर्षक आहे, या गोष्टी त्या-त्या आवृत्तीच्या आहेत. मोठ्या माहितीपटात फळीचा करकर आवाज 11 सेकंद ऐकू येतो आणि तोच त्या दृश्याचा प्राण आहे. झलकेत तिथे निवेदन आहे. हा आवाज सामाईक करायला गेलात, तर एका आवृत्तीची सुधारणा दुसरीचा घात करील. शॉटच्या गोष्टी नेस्टच्या आत आणि आवृत्तीच्या गोष्टी नेस्टच्या बाहेर, ही वाटणी संकलनाच्या पहिल्या आठवड्यात झाली तर पुढचे निम्मे कष्ट वाचतात.

नेस्ट बनवताना मी शॉटचा वापरलेला तुकडा घेत नाही, वापरण्याजोगा सगळा भाग घेते. नवे संकलक इथे चुकतात. झलकेच्या टाइमलाइनवरचा दोन सेकंदांचा तुकडा निवडून नेस्ट केला, तर मोठ्या माहितीपटाला तो पुरत नाही. मग दुसरा नेस्ट होतो आणि एकाच शॉटची दोन मुळे तयार होतात. भरणीच्या शॉटचा नेस्ट पूर्ण 350 फ्रेमचा आहे आणि धूसरपणाही, ज्या आवृत्तीत बाईंची फक्त पाठ दिसते तिथेसुद्धा, चेहरा येणाऱ्या सगळ्या फ्रेमना लावलेला आहे, कारण उद्या कोणी कट दहा फ्रेम पुढे सरकवला तर चेहरा उघडा पडू नये. नंतर पाहताना मला जाणवले की चेहरा झाकला तरी हातावरचे गोंदण दिव्यात स्पष्ट दिसत होते आणि गावच्या माणसाला तेवढे पुरे होते. ते झाकण्यासाठी दुसरा मास्क घातला. एका जागी घातला, पाच ठिकाणी दिसला. ज्याने हे हाताने पाच वेळा केले आहे, त्याला या वाक्याची किंमत कळेल.

प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेस्ट केलेला सिक्वेन्स (नेस्टची आतली टाइमलाइन) कॉपी करून दुसऱ्या टाइमलाइनवर ठेवला, तर दोन्ही ठिकाणी तोच सिक्वेन्स असतो. आत बदल केला की दोन्हीकडे दिसतो. फायनल कट प्रोमधल्या कंपाउंड क्लिपचेही तसेच आहे. पण बिनमध्ये, म्हणजे क्लिप ठेवण्याच्या कप्प्यात, जाऊन सिक्वेन्सची ड्युप्लिकेट काढली, की ती स्वतंत्र झाली. एका प्रोजेक्टमधून दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये नेला, तरी तिकडे नवी प्रत तयार होते आणि नाते तुटते, दिसायला मात्र नाव तेच राहते. सारख्या नावाची दोन स्वतंत्र मुळे ही या कामातली सर्वांत धोकादायक अवस्था आहे. म्हणून सामाईक शॉट असलेल्या सगळ्या आवृत्त्या मी एकाच प्रोजेक्टमध्ये ठेवते, मग तो कितीही जड होवो.

रंगांच्या बाबतीत दा विंची रिझॉल्व्हने हीच वाटणी नीट मांडली आहे. तिथे क्लिपची ग्रेड, म्हणजे रंगांची दुरुस्ती, लोकल असते किंवा रिमोट. लोकल ग्रेड टाइमलाइनवरच्या त्या एका तुकड्यापुरती राहते. रिमोट ग्रेड त्या प्रोजेक्टमध्ये त्याच मूळ क्लिपचा तुकडा जिथे-जिथे असेल तिथे लागू होते. मुलाखतींसाठी रिमोट फार उपयोगी, कारण एकच लांब क्लिप पन्नास ठिकाणी कापून वापरलेली असते. पण आमच्या दिग्दर्शकांनी झलकेतली संध्याकाळ अधिक काळोखी मागितली, ग्रेड रिमोट होती आणि मोठ्या माहितीपटातले ओळीने लागलेले तीन शॉट कोणी न सांगता काळवंडले. सुदैवाने ते त्याच दिवशी दिसले. आता मूळ दुरुस्ती रिमोटमध्ये होते, सगळ्या आवृत्त्या एकदा पाहून झाल्या की ती लोकलमध्ये उतरवली जाते आणि आवृत्तीची चव त्यानंतर.

आता वही. माझी वही म्हणजे एक साधा तक्ता आहे. दर सामाईक शॉटला एक ओळ: शॉटचे नाव, मूळ फाइल, मूळ टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ सांगणारा क्रमांक) कुठून कुठवर, पाच आवृत्त्यांचे पाच रकाने, शॉटवर काय संस्कार केले आहेत आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेचा. फाइलचे नाव चित्रीकरणाच्या दिवशीच बदलावे लागते, कारण अनेक कॅमेरे नवे कार्ड घातले की पुन्हा सी0001 पासून मोजू लागतात आणि 20 दिवसांच्या चित्रीकरणात त्या नावाच्या डझनभर फाइली जमतात. आम्ही नावापुढे तारीख, कॅमेरा आणि कार्डाचा क्रमांक जोडतो आणि हे काम संकलनाआधी संपवतो. संकलन सुरू झाल्यावर नावे बदलली, तर प्रोजेक्टला फाइली सापडेनाशा होतात.

वही माणूस भरतो आणि माणूस विसरतो, म्हणून तिची पडताळणी यंत्राकडून करून घ्यावी. प्रत्येक आवृत्तीची ईडीएल (एडिट डिसिजन लिस्ट) काढावी. ही जुनी, साध्या मजकुराची यादी आहे आणि तिच्या प्रत्येक नोंदीत रीळ (शॉट ज्यातून आला त्या मूळ सामग्रीचे नाव), मूळ टाइमकोडचा आरंभ-शेवट आणि टाइमलाइनवरचा आरंभ-शेवट असतो. पाच याद्या एका तक्त्यात ओताव्यात, आधी रिळानुसार आणि मग मूळ टाइमकोडनुसार लावाव्यात, की एकाच शॉटचे पाचही वापर एकाखाली एक येऊन बसतात. वहीत चार रकाने भरलेले आणि यादीत पाच ओळी, असे दिसले की थांबायचे. एक अडचण इथे आहे: नेस्ट आपल्या पोटातली क्लिप या यादीला दाखवत नाही, फक्त स्वतःचे नाव दाखवतो. म्हणून नेस्टचे नाव मूळ क्लिपच्या नावानेच सुरू झाले पाहिजे. “भरणी रात्र छान” असे नाव ठेवले, तर शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही.

सगळ्यात शेवटी मी जे करते त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलमधला तो शॉट मी स्वतः पाहते, टाइमलाइनवर नव्हे तर रेंडर झालेल्या फाइलमध्ये, फ्रेमफ्रेमने. पाच आवृत्त्यांमधला हा एक शॉट पाहायला दहा मिनिटेही लागत नाहीत. ज्यांनी काही झाकण्याची विनंती केली आहे, अशा माणसांच्या शॉटना वहीत लाल रंग आहे आणि लाल ओळीसमोर दोन माणसांच्या सह्या झाल्याशिवाय आमच्याकडून फाइल बाहेर जात नाही.

गेल्या वर्षी त्याच माहितीपटाची सहावी आवृत्ती करायची होती, महाविद्यालयांमध्ये दाखवण्यासाठी 20 मिनिटांची. माझ्या सहायकाने भरणीचा शॉट नव्या टाइमलाइनवर ठेवला तेव्हा चेहरा आणि गोंदण दोन्ही झाकलेलेच आले. आत काय आहे ते त्याला सांगावे लागले नाही. त्याने वहीत सहावा रकाना आखला, लाल ओळीत टाइमकोड लिहिला आणि सहीसाठी वही माझ्याकडे सरकवली.