चेक इंजिनचा दिवा: कोड वाचा, पार्ट लगेच बदलू नका

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की आधी एकच बघा: स्थिर आहे की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसफायर करतंय. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, ते तसंच पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) जातं आणि तिथे पेटतं. त्या उष्णतेने आतला सिरॅमिकचा गाभा वितळू शकतो. म्हणजे बिघडलेली असते एक कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), आणि हट्टाने गाडी दामटली की जातो अख्खा कन्व्हर्टर. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा आणि पुढे टो करूनच न्या.

सोबत ऑइलचा लाल दिवा लागला किंवा टेम्परेचरचा काटा वर गेला, तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा.

दिवा स्थिर आहे आणि गाडी नेहमीसारखी चालतेय, तर घाबरायचं कारण नाही. बेताने चालवत घरी या. पेट्रोल टाकीचं झाकण टिकटिक आवाज येईपर्यंत घट्ट करा आणि त्याचा रबरी सील चिरलाय का बघा. सैल झाकणाने टाकीतली वाफ गळते आणि दिवा लागतो. झाकण लावलं म्हणून दिवा त्याच क्षणी जात नाही. पुढच्या काही फेऱ्यांत चाचणी नीट पास झाली की आपोआप विझतो.

पुढचं काम स्कॅनरचं. स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायची जागा) असतं. ब्लूटूथचा साधा ॲडॅप्टर लावला तरी मोबाइलवर कोड दिसतो. कोड लिहून घ्या, फ्रीझ फ्रेमही लिहून घ्या. कोड नोंदला गेला तेव्हाचा आरपीएम, वेग, लोड आणि कूलंटचं तापमान त्यात असतं. हे न वाचता कोड पुसला की निदानाचा सगळ्यात चांगला पुरावा हातचा जातो. बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

कोड तक्रार कुठून आली ते सांगतो, कुठला पार्ट गेला ते नाही. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर याचा छडा फुकटात लागतो. इंजिन थंड होऊ द्या, इग्निशन बंद करा. कनेक्टरचं लॉक दाबून तो काढा (जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं, वायरला धरून ओढू नका). बोल्ट काढून कॉइल किंचित फिरवत सरळ वर घ्या. आता दोन आणि तीन नंबरच्या कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. कोड पी०३०३ झाला तर कॉइलच गेलीय. पी०३०२ च राहिला तर तीच अदलाबदल प्लगची करून बघा. तरीही फरक नाही, तर इंजेक्टर आणि मग कम्प्रेशन. कॉइलच्या रबरी बुटाला ऑइल लागलेलं असेल तर प्लगच्या खोबणीचा सील गळतोय. तो न बदलता नवी कॉइल टाकली तर तीही खराब होणार.

पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त) आला की बरेच जण थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात. पण मिश्रणात हवा जास्त आहे हे तो सेन्सर बहुधा खरंच सांगत असतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) खूप जास्त आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल, तर आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या पुढे कुठेतरी जास्तीची हवा शिरतेय: तडकलेला व्हॅक्युम पाइप किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट. उलट लोड वाढल्यावर ट्रिम वाढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर तपासा. तो सेन्सर त्याच्याच स्प्रेने साफ करायचा. आतल्या तारेला बोट किंवा कापड लावायचं नाही.

पी०४२० चंही (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) तसंच. कन्व्हर्टर महाग असतो, म्हणून आधी एक्झॉस्ट कुठे लीक आहे का आणि मिसफायरचा जुना कोड आहे का ते बघा. मिसफायर तसाच ठेवला तर नवा कन्व्हर्टरही टिकणार नाही.

दुरुस्तीनंतर कोड पुसला की रेडिनेस मॉनिटरही (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) रिकामे होतात. ते पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, थोडं आयडल, शहरातलं थांबत-निघत चालवणं आणि मोकळ्या रस्त्यावर एकसारखा वेग, असं सगळं लागतं. प्रदूषण चाचणीत ओबीडी तपासत असतील तर कोड पुसून लगेच जाऊ नका. स्कॅनरवर मॉनिटर पूर्ण झालेले दिसले आणि पेंडिंग कोड (अजून पक्का न झालेला) नसला, की मगच काम झालं म्हणा.