आवाज कुठून येतोय?

आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एक सहा वर्षांपूर्वी घेतलेली, जिच्या काचा वर केल्या की बाहेरचे जग मुके होते. आणि दुसरी बाबांनी १९९८ साली घेतलेली मारुती ८००, जिच्यात बाहेरच्या जगाइतकीच स्वतःची बडबड ऐकू येते. गणपतीला कोकणात निघताना दरवर्षी ही दुसरीच बाहेर काढली जाते. यामागे जुन्या गाडीवरची माया असावी असे लोकांना वाटते आणि बाबांच्या बाबतीत ते खरेही आहे, पण मुख्य कारण कणकवलीजवळच्या आमच्या गावातली पाणंद हे आहे. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतची ही वाट दोन बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यांमध्ये इतकी चेपली गेली आहे की १४४० मिलिमीटर रुंदीची ८०० आरसे मिटून तिच्यातून जेमतेम निघते. नवी गाडी देवळापाशी उभी करून सगळे सामान भाद्रपदातल्या चिखलातून डोक्यावर न्यावे लागते. एका वर्षी आम्ही तसे केले. मोदकांच्या पिठीचा डबा माझ्या हातून व्हाळात पडला, आणि पुढच्या वर्षापासून कोणती गाडी न्यायची ही चर्चाच बंद झाली.

ज्यांनी ही गाडी फक्त इतरांकडे पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगते. पहिली मारुती ८०० १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत एकट्या भारतात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. आमची त्यांतली कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. इंजिन ७९६ सीसीचे आणि सिलिंडर तीन. तीन सिलिंडर ही गोष्ट प्रवासात लक्षात ठेवावी लागते, कारण चारांतला एक रुसला तर गाडी कुरकुरत का होईना पुढे जाते, पण तिघांतला एक रुसला म्हणजे घरातला तिसरा हिस्सा संपावर गेला. अशा वेळी गाडी ‘मिसिंग मारते’ आणि सिग्नलला उभी असताना डॅशबोर्डवरचा छोटा गणपती मान डोलावू लागतो.

पुण्याहून कोल्हापूर, तिथून गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी आणि मग गाव, असा हा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास आहे. नव्या गाडीने गेले तर त्याला एवढ्या अंतराला लागावा तेवढाच वेळ लागतो. जुन्या गाडीने किती लागेल हे कात्रजच्या बोगद्यापर्यंत कोणीच बोलत नाही, कारण तोपर्यंत सगळे ऐकत असतात. कॅसेट वाजवणारे यंत्र केव्हाच बंद पडले आहे, आणि ते दुरुस्त करून घ्यायला बाबांनी कधीच परवानगी दिली नाही. त्यांच्या मते गाणी लावलेली गाडी म्हणजे कानात बोळे घालून बसलेला डॉक्टर. त्यामुळे पहिल्या पंधरा किलोमीटरांत चार माणसे समोर बघत, मान किंचित तिरकी करून, अगदी गप्प बसलेली असतात. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या लोकांना आम्ही कुणाच्या अंत्यविधीला निघालो आहोत असे वाटत असणार.

इतक्या वर्षांच्या या ऐकण्याने आमच्या घरात एक तोकडे का होईना, पण उपयोगी शास्त्र तयार झाले आहे. पावसाळी सकाळी गाडी सुरू करताक्षणी ती मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळते, तो आवाज फॅन बेल्टचा. त्याला फॅन बेल्ट म्हणतात खरे, पण या गाडीतला पंखा विजेवर चालतो. हा पट्टा फिरवतो तो पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर. दमट हवेने तो पुलीवर घसरतो, दोन मिनिटांत कोरडा होतो आणि गप्प बसतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करायचे. तो पाच मिनिटे किंचाळला तर मात्र ढिला झाला आहे असे समजून थांबायचे, कारण पट्टा तुटला की बॅटरीचे चार्जिंग आणि इंजिनचे पाणी एकाच वेळी थांबते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवताना चाकाच्या आतून ‘कट कट’ झाले तर एक्सलचा जॉइंट वाजतो आहे, म्हणजे त्यावरचे रबरी बूट कुठेतरी फाटले आहे आणि ग्रीस बाहेर पडून माती आत गेली आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबला असताना इंजिनातून कुणी आतून दार ठोठावल्यासारखे ‘खट खट’ आले तर ते नॉकिंग; त्यावर औषध म्हणजे अहंकार बाजूला ठेवून खालचा गिअर घालणे.

सर्वांत सभ्य आवाज बेअरिंगचा. तो कुठून सुरू झाला हे कळतही नाही, वेगाबरोबर ‘घूं’ वाढत जातो आणि रस्ताच खडबडीत असेल अशी आपण आपली समजूत घालत राहतो. बाबांनी मला याची परीक्षा शिकवली ती उंब्रजच्या पुढे, रस्ता रिकामा असताना. गाडी थोडी डावीकडे वळवली की तिचा भार उजव्या चाकावर जातो, उजवीकडे वळवली की डाव्या. ज्या वळणावर ‘घूं’ मोठा होतो त्याच्या उलट बाजूचे बेअरिंग गेले असे समजायचे. मी तेव्हा नुकतीच गाडी शिकले होते आणि त्या वळणांमुळे मागे बसलेल्या आईला उलटी झाली, पण बेअरिंग मात्र डावेच निघाले.

आईचे निदान कोणत्याही आवाजाबाबत एकच असते: ‘चाकातून येतोय.’ तिला विचारले की कोणत्या चाकातून, तर ती म्हणते, ‘ते तुम्ही बघा.’ माझ्या नवऱ्याचा विश्वास फोनवर असल्यामुळे तो आवाजाचे वर्णन टंकून उत्तर शोधतो आणि त्याला दरवेळी एखाद्या परदेशी गाडीचा महागडा रोग सापडतो. मुलगी आवाजांना नावे ठेवते. सायलेन्सरचे रबर सुटून तो बंपरला आपटायचा तेव्हा तिने त्याचे नाव ‘भांडीवाली मावशी’ ठेवले होते, आणि ते नाव इतके रुळले की आमचे पुण्यातले मेकॅनिकसुद्धा बिलावर ‘सायलेन्सर हँगर’ लिहून तोंडाने ‘मावशीला बसवलं’ असे सांगतात.

या सामूहिक विद्वत्तेची खरी परीक्षा काही वर्षांपूर्वी झाली. कराडच्या अलीकडे प्रत्येक खड्ड्याला गाडीतून एक बारीक, स्वच्छ ‘टण्’ येऊ लागला. तो आमच्या शास्त्रात बसत नव्हता. सस्पेन्शनमधले रबरी बुश गेले असते तर आवाज ठप्प यायला हवा होता. शॉकअब्सॉर्बर गेला असता तर त्यामागून गाडीने डुलायला हवे होते. बाबांनी वेग कमी करायला लावला, मग वाढवायला लावला, ब्रेक दाबून पाहायला सांगितले. नवऱ्याने सस्पेन्शनच्या एका भागाचे इंग्रजी नाव वाचून दाखवले. आई म्हणाली, चाकातून येतोय. शेवटी पेठ नाक्याच्या आसपास रस्त्याकडेच्या एका गॅरेजात थांबलो. तिथल्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चारी चाके हाताने हलवून पाहिली, खाली झोपून पान्याने ठोकले आणि मग आम्हा सर्वांना खाली उतरवून एकट्याने एक फेरी मारली. परत आल्यावर ते काही न बोलता मागे गेले, डिकी उघडली, स्टेपनीच्या शेजारची कापडी पिशवी उचलली आणि आमच्यासमोर धरून हलवली. आत आरतीच्या झांजा होत्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र आमच्याकडून प्यायले. आणि चहा पिताना एवढेच म्हणाले की, बाकी गाडी सुरात आहे.

सगळेच असे हसण्यावारी जात नाही. एका मे महिन्यात खंबाटकी चढताना, पुढे ट्रकांची रांग आणि माथ्यावर ऊन असताना, तापमानाचा काटा वर सरकायला लागला. घाटात एसी बंद ठेवायचा हा आमच्याकडचा जुना नियम आहे, तो आधीच बंद होता. बाबांनी तेव्हा हीटर सुरू करायला सांगितला. मला वाटले उन्हाने त्यांना काही झाले. पण हीटर म्हणजे इंजिनच्याच गरम पाण्यावर चालणारा दुसरा लहान रेडिएटर. तो सुरू केला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते आणि इंजिनाला तेवढाच श्वास मिळतो. मे महिन्यातली दुपार, एसी बंद, हीटर सुरू आणि चारी काचा खाली अशा अवस्थेत आम्ही माथ्यावर पोहोचलो. काटा उतरला होता. आम्ही शिजलो होतो. त्यानंतर अर्धा तास झाडाखाली बसून काढला, कारण गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नसते. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण सैल होताच ते वाफेसकट अंगावर येते. अडलेल्या प्रवाशाने करायचे पहिले काम म्हणजे काहीही न करणे. आमच्या घरात ते जमणारी एकटी आई आहे; तिने डबा उघडला.

गाडीचे आयुष्य कागदावर १५ वर्षांचे धरलेले असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करायचे आणि पर्यावरण कर भरायचा. आमचे हे २०१३, २०१८ आणि २०२३ असे तीनदा झाले. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले, तेव्हा नवऱ्याने हिशेब मांडून दाखवला की गाडीची किंमत आणि कागदाची किंमत आता जवळ येत चालली आहे. हिशेब बरोबर होता. दिल्लीत असतो तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोलच्या गाड्यांना तिथे असलेल्या बंदीमुळे हा प्रश्न केव्हाच संपला असता, आणि धुराचा विचार करता तिथला नियम मला चुकीचाही वाटत नाही. म्हणूनच वर्षाचे उरलेले दिवस ही गाडी जवळपास उभीच असते. आठवड्यातून एकदा बॅटरीपुरती फेरी होते. तिसऱ्या तपासणीच्या वेळी साहेबांनी दिवे पाहिले, चासी नंबर पाहिला, हॉर्न वाजवायला सांगितला आणि कागदावर सही केली. बाबांना ते फार लागले. पंचवीस वर्षांच्या गाडीचा फक्त हॉर्न ऐकणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

गावी पोहोचल्यावर काका पडवीतूनच विचारतात, ‘आपल्या पायान इली मां?’ एका वर्षी ती आपल्या पायाने आली नव्हती, टेम्पोला दोर बांधून आली होती, त्याची ही उजळणी आहे. उत्तराची ते वाट पाहत नाहीत.

परतीचा प्रवास अवघड, कारण उतरलेला घाट आता चढायचा असतो आणि तोही नारळ, उकडे तांदूळ, आगळाच्या बाटल्या आणि काकीने ऐनवेळी कोंबलेला फणसाच्या साटांचा डबा घेऊन. करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता तेव्हा आम्ही फोंडा घाटाने आलो, पण चढ तो चढच. बाबांना आता ऐकू कमी येते. कानातले यंत्र आहे, पण या गाडीत ते सगळेच मोठे करते, वारा, टायर आणि आईसुद्धा, म्हणून बसल्याबरोबर ते काढून खिशात ठेवतात. मागच्या परतीच्या वेळी करूळच्या वळणांवर धुके इतके उतरले होते की पुढच्या गाडीचे तांबडे दिवे तेवढे दिसत होते. बाबा माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांचा उजवा तळवा गिअरच्या दांड्याच्या बुडाशी टेकलेला होता. मला वाटले, धरायला काहीतरी हवे म्हणून असेल. मी तिसऱ्यात होते, गाडी व्यवस्थित ओढत होती, निदान मला तसे वाटत होते.

‘दुसरा घाल,’ बाबा म्हणाले.

‘ठोकत नाहीये अजून,’ मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेले नाही. मागून मुलीने मान पुढे काढून विचारले, ‘आवाज कुठून येतोय?’ मी म्हटले, कुठूनच नाही. पुढच्या वळणावर चढ उभा झाला आणि इंजिनात आतून कुणीतरी दार ठोठावले.

मी दुसरा घातला. बाबांनी हात तिथेच ठेवला होता; गगनबावड्याला चहासाठी थांबेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.