सगळ्यांत मोठा सेंटर कोण?

सकाळचा सराव संपवून मुली पाणी प्यायला बसल्या की त्यांतली एखादी विचारतेच, "ताई, एनबीएतला आजवरचा सगळ्यांत मोठा सेंटर कोण?" एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि सेंटर म्हणजे बास्केटच्या बोर्डाखाली खेळणारा उंच खेळाडू. पालक विचारतात, माझ्याबरोबर खेळलेल्या मैत्रिणी विचारतात. मी "बिल रसेल" म्हटलं की समोरच्याचा विरस होतो. त्याला करीम अब्दुल-जब्बार किंवा शकील ओनील ऐकायचं असतं. बोस्टन सेल्टिक्स संघाचा रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला, त्याची कारकिर्दीची सरासरी सामन्याला १५.१ गुण आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) तर जेमतेम निम्मे आत जायचे. मग तोच का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

नुसते आकडे बघायचे तर उत्तर त्याच काळातला सेंटर विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी त्याने एका सामन्यात १०० गुण केले. फ्री थ्रोमध्ये एरवी चाचपडणाऱ्या या माणसाने त्या रात्री ३२ पैकी २८ घातले. त्या मोसमात त्याची सरासरी ५०.४ गुणांची होती. सामना ४८ मिनिटांचा, आणि हा सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, कारण जादा वेळेतही तो बाहेर बसत नसे. एका सामन्यात ५५ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू, तेही खुद्द रसेलसमोर.

आणि त्याच १९६१-६२ च्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली रसेलची. तेव्हा ही मतं खेळाडूच देत. दोघांच्याही अंगावर जाऊन रिंगपाशी पोचायचा प्रयत्न ज्यांनी केला होता, त्यांनी हा कौल दिला. मला हा पुरावा कुठल्याही तक्त्यापेक्षा मोठा वाटतो.

त्या खेळाडूंना काय दिसलं असेल, ते मला माझ्या जागेवरून कळतं. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून मला आठवीत बोर्डाखाली उभं केलं आणि पुढची दहा वर्षं मी तिथेच खेळले. ब्लॉक केला, म्हणजे समोरच्याने बास्केटकडे टाकलेला चेंडू हवेतच अडवला, की तो जोरात मैदानाबाहेर भिरकवायचा, हे आम्हा सगळ्यांचं आवडतं काम. टाळ्या पडायच्या. पण चेंडू बाहेर गेला म्हणजे तो पुन्हा समोरच्याच संघाला मिळणार, याचा विचार कोण करतो? रसेल करायचा. तो चेंडू मारत नसे, बोटांनी वळवायचा: स्वतःच्या हातात, नाहीतर आपल्या माणसाकडे. त्याने अडवलेला चेंडू त्याचा संघसोबती बॉब कूझीकडे जायचा आणि समोरचे वळेपर्यंत बोस्टनची बास्केट झालेली असायची. एकाच हालचालीत त्यांचे दोन गुण गेले, आपले दोन आले. शिवाय दोनचार वेळा असं झालं की समोरचा खेळाडू आत येतानाच बिचकायला लागतो, लांबूनच चेंडू टाकतो. ती भीती कुठल्या रकान्यात लिहिणार? एनबीएने ब्लॉक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ पासून, रसेल थांबल्यावर चार वर्षांनी. त्याचं सगळ्यात चांगलं काम नोंदवहीत नाहीच.

मग मोजायचं कशावरून? संघावरून. रसेल यायच्या आधी बोस्टन सेल्टिक्सला एकही अजिंक्यपद नव्हतं, कूझी असूनही. रसेलच्या १३ मोसमांत ११ अजिंक्यपदं. कूझी १९६३ मध्ये निवृत्त झाला, तरी पुढची तिन्ही वर्षं तेच जिंकले. रसेल गेल्यावरच्या पहिल्याच मोसमात मात्र हा संघ ८२ पैकी फक्त ३४ सामने जिंकला आणि प्लेऑफलाही, म्हणजे अजिंक्यपदासाठीच्या बाद फेऱ्यांनाही, पोचला नाही.

यावरचे आक्षेप मला पाठ आहेत. तेव्हा लीगमध्ये सुरुवातीला आठच संघ होते. सोबतीला सॅम जोन्स, हॅवलिचेक असे एकाहून एक खेळाडू होते. दोन्ही खरं. पण संघ आठ म्हणजे समोर दर दोनचार दिवसांनी तेच सेंटर, तुमची प्रत्येक खोड ओळखणारे. आणि मोसमात दहाबारा वेळा चेंबरलेन अंगावर घ्यायचा, ही काही सवलत नव्हे.

करीम अब्दुल-जब्बार माझ्या यादीत दुसरा, आणि ते लिहितानाही हात अडखळतो. ६ वेळा सर्वोत्तम खेळाडू, ६ अजिंक्यपदं, ३८,३८७ गुण. हा विक्रम मोडायला २०२३ उजाडलं. त्याची स्कायहुक नावाची फेक मी मुलींना दाखवते, कारण त्यात ताकद लागत नाही, ताल लागतो. खांदा समोरच्याकडे, एका पायावर वर जायचं, हात पूर्ण ताणून मनगटाने चेंडू सोडायचा. समोरच्याचा हात पोचणार कसा, मध्ये अख्खं शरीर आहे! १९८५ च्या अंतिम फेरीत करीमच्या लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धचा पहिला सामना बोस्टनने १४८-११४ असा जिंकला. ३८ वर्षांच्या करीमचे त्यात १२ गुण आणि ३ रिबाउंड. आता म्हातारा झाला, असं सगळे म्हणू लागले. पुढच्याच सामन्यात ३० गुण, १७ रिबाउंड, ८ असिस्ट (सोबत्याची बास्केट होईल असे पास), आणि शेवटी अजिंक्यपद लेकर्सचं. असं परत उठणं मी दुसऱ्या कुठल्या सेंटरमध्ये पाहिलेलं नाही.

हकीम ओलाजुवान माझा सगळ्यांत लाडका. लागोसमध्ये फुटबॉल आणि हँडबॉल खेळत वाढलेल्या या मुलाचे पाय बोर्डाखाली जे करायचे, ते बघताना अजून अंगावर काटा येतो. पण लाडका वेगळा आणि मोठा वेगळा. शकील ओनील २००० ते २००२ या तीन वर्षांत कोणालाच आवरला नाही, मात्र तो बहर फार काळ टिकला नाही. आताच्या पिढीतला सेंटर निकोला योकिच अजून खेळतोय, त्याला आत्ताच कुठे बसवायचं नाही.

आता रसेलचा शेवटचा सामना सांगते. ५ मे १९६९, लॉस एंजेलिस, अंतिम फेरीचा सातवा सामना. समोर लेकर्समध्ये चेंबरलेन, जेरी वेस्ट, एल्गिन बेलर. बोस्टन त्या मोसमात पूर्व विभागात चौथं आलेलं, थकलेलं. रसेल ३५ वर्षांचा आणि प्रशिक्षकही तोच. लेकर्सच्या मालकाने विजयासाठी हजारो फुगे छताला जाळीत बांधून ठेवले होते. वेस्टने ४२ गुण केले. बोस्टन १०८-१०६ ने जिंकलं आणि फुगे वरच राहिले.

रसेलचे त्या दिवशी ६ गुण. रिबाउंड २१. ब्लॉकचा रकानाच तेव्हा नव्हता.